चिखलातली तोफ

दौंडहून कुरकुंभला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये पन्नाशीचे एक गृहस्थ खिडकीशी बसायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे मामाच म्हणायचे. मांडीवर उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक, युरोपातल्या कुठल्यातरी जुन्या लढाईचं. ओळीखालून बोट सरकवत, अडलेला शब्द मोबाइलवर बघत ते रोज दोन-तीन पानं वाचायचे. मला तर ते पुस्तक बघूनच धडकी भरायची.

एका सकाळी त्यांनी मांडीवर थाप मारली. "निघाली!"

सगळ्यांनी माना वळवल्या. "काय निघालं, मामा?"

"तोफ! चार दिस झालं वाचतोय, चिखलात रुतली व्हती. बारा घोडी लावली, तवा निघाली."

"मग जिंकले का?" मी विचारलं.

"न्हाई ओ, हरले. ते मला आधीपासनं ठाव हाय." ते खुशीत हसले. "कोण जिंकलं ते एका ओळीत कळतं. तोफ कशी काढली, त्याला जाड पुस्तकच लागतं."

एरवी गप्प असणारा ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "चाकाखाली काय घातलं? आमची उसाची ट्रॉली रुतली की आम्ही पाचट घालतो."

"त्यांनी झाडाच्या फांद्या घातल्या."

"बराबर केलं."

गेट येईपर्यंत बसमध्ये तेवढीच चर्चा. उतरताना मामा म्हणाले, "उद्या नदी हाय. आन् पूल मोडलाय."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारची जागा मिळावी म्हणून मी दहा मिनिटं आधीच थांब्यावर गेलो. तिथं चौघे माझ्याही आधी येऊन उभे होते.