आमच्या साडूंचा मॉनिटर

वीज गेली की आनंदाने जिना चढणारा माणूस अख्ख्या भिवंडीत एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. इतरांकडे वीज गेली की माणसं दारात येतात, शर्टाची बटणं सोडतात आणि वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. आमचे साडू हातातला घास ताटात ठेवून उठतात. भिवंडीजवळच्या शेलार गावात त्यांच्या घरामागे लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, जुना कारखाना आहे. लूम केव्हाच भंगारात गेले आणि माळ्यावर यांनी गाण्यांचा स्टुडिओ थाटला. पण आजूबाजूचे कारखाने काही यांच्यासाठी थांबले नाहीत. तिथली खटखट तीन पाळ्यांत चालू असते आणि बंद पडते ती फक्त वीज गेल्यावर. तेवढीच काय ती शांतता. ती मिळाली की साडू इन्व्हर्टरवर सगळी यंत्रं सुरू करतात आणि हळदीची गाणी ध्वनिमुद्रित करतात. गायक, ढोलकीवाला आणि कोरसच्या मुली ओट्यावर चहा पीत वीज जाण्याची वाट बघत बसलेले मी स्वतः पाहिले आहेत. एकदा दिवसभर वीज गेलीच नाही, तेव्हा साडूंनी वायरमनला फोन करून तब्येतीची चौकशी केली होती.

त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, थोरली, म्हणजे आमची ताई, त्यांच्या पदरात आणि धाकटी माझ्या. मी त्यांना दादा म्हणतो आणि ते मला नुसतं साडू म्हणतात, जणू बारशात माझं तेच नाव ठेवलं होतं. मी एका गोदामात हिशेब लिहितो, मला सुरातलं काही कळत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते माझ्याशी सुरावर तासन् तास बोलतात. त्यांच्या कानांबद्दल काय सांगावं? आमच्याकडे जेवायला आले असता भिंतीकडे कान लावून बसले आणि मग म्हणाले की तुमचा फ्रिज उतरलेला वाजतोय. आम्हाला वाटलं, विनोद. रात्री ते गेले आणि सकाळी दूध नासलेलं मिळालं, कारण जाताना त्यांनी फ्रिजचं बटणच बंद केलं होतं. बायकोने फोन करून खडसावलं तर यांचं उत्तर, असला सूर ऐकत झोपण्यापेक्षा नासलेलं दूध परवडलं. पंखा घ्यायचा तर दुकानात आडवे होऊन खालून ऐकणार. मुलीचं स्थळ बघायला अंबाडीला गेले तेव्हा मुलाचा पगार, शिक्षण सगळं ताईने विचारलं. यांनी फक्त त्याला दोनदा हाक मारायला लावली. आवाज स्वच्छ आहे म्हणाले, आणि लग्न ठरलं.

असा कानांवर जगणारा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर डोळ्यांनी अडला. हल्ली गाणं म्हणजे अर्धं काम पडद्यावर असतं. ढोलकीची एक पट्टी, गळ्याची एक, बेंजोची एक, अशा पट्ट्या एकाखाली एक मांडलेल्या, आणि त्यांची नावं मुंगीच्या अक्षरात. साडूंचा पडदा जुना, लहान आणि चकचकीत. माळ्यावरच्या पत्र्यात एक काचेचं पान बसवलंय, त्याचं ऊन दुपारी नेमकं पडद्यावर उतरायचं आणि गाण्याऐवजी साडूंना स्वतःचा चेहरा दिसायचा. मग ते जवळच्या चष्म्यावर लांबचा चष्मा चढवून, डोक्यावर ताईची ओढणी घेऊन नाक पडद्याला टेकवायचे. संध्याकाळी कपाळ दाबत खाली यायचे. डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं की चष्मे ठीक आहेत, पडदा बदला. साडूंनी मान डोलावली आणि बदलला नाही. जुन्याचा अजून जीव गेला नाही, म्हणायचे.

त्यांना हलवलं ते त्यांच्या आत्याने. ही आत्या धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवला म्हणणारी बाई म्हणजे भटजीच्या बरोबरीचा मान. ती ओळ म्हणते, मागे बसलेल्या बायका ती उचलतात, आणि तशी हळद दळण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत सगळी लग्नाची गाडी तिच्या गळ्यावर चालते. शेलारच्या तीन पिढ्यांना तिने बोहल्यावर चढवलं. साडूंनी तिला माळ्यावर येऊन गा म्हणून किती विनवलं, पण तिचा नेम होता, लग्न नसताना धवला म्हणायचा नाही. मांडव नाही, नवरी नाही, मग कोणासाठी म्हणायचा? गेल्या वर्षी आत्या गेली. मागे राहिलं एकच रेकॉर्डिंग, साडूंनी एका पुतण्याच्या हळदीत तिच्या पुढ्यात यंत्र ठेवून केलेलं. त्यात आत्या होती, आणि शिवाय डीजे होता, फटाके होते, रस्त्यावरचे कंटेनर होते, पलीकडचे लूम होते, आणि कोणीतरी सारखं आइस्क्रीम कुठे ठेवलंय ते विचारत होतं. इकडे साडूंची एकुलती एक लेक वैशू, तिचं लग्न वैशाखात धरलेलं. ती बापाला एवढंच म्हणाली होती, "पप्पा, माझ्या हळदीला आत्याआजीचाच धवला पायजे." झालं. साडूंनी चंगच बांधला की हळदीच्या आत त्या गोंधळातून आत्या मोकळी करायची.

मी म्हटलं, एवढ्या गोंगाटातून एक आवाज वेगळा होतो का? ते म्हणाले, कानाने होत नाही, डोळ्याने होतो. त्यांच्या संगणकात आवाजाचं चित्र निघतं. काळ्या जमिनीवर खालचे सूर खाली आणि वरचे वर. लूमची खटखट उभ्या खुंट्यांसारखी दिसते, डीजे खाली जाड पट्टा ओढतो, आणि माणसाचा गळा मधून बारीक, हलत्या उजळ रेषांनी जातो. जे नको ते माउसने पुसत जायचं. पण काळ्यावरची फिकट रेष दिसली तर पुसणार ना. तेव्हा आता पडदा घेणं आलं. मला वाटलं, एका रविवारचं काम.

आम्ही भिवंडीतली दुकानं संपवली, मग कल्याण, मग ठाणे. साडूंच्या पिशवीत पेनड्राइव्ह, एक सतरंजी आणि दोन्ही चष्मे. खुर्चीत बसून त्यांना सूर लागत नाही, काम मांडी घालून करतात, म्हणून दुकानातही सतरंजी अंथरून खाली बसायचे आणि पडदा खाली उतरवायला सांगायचे. मोठा रुंद पडदा आणला की म्हणत, मान इकडून तिकडे फिरवायला मी काय टेनिस बघायला आलोय? शिवाय दोन स्पीकरच्या मधे एवढी भिंत उभी केली की आवाज तिच्यावर आदळणार. वाकलेला पडदा दाखवला तर म्हणाले, सरळ रेष वाकडी दिसली की मी ती सरळ करायला जाईन आणि चांगलं गाणं बिघडवेन. एक फारच सुबक होता, पण त्यावर अक्षरं पूर्वीपेक्षा बारीक दिसत होती. एकाचा उजेड कमी केल्यावर तो लुकलुकतो असं यांचं म्हणणं, ते दुकानदाराला दिसेना, मला दिसेना, पण साडूंचं कपाळ दुखायला लागलं एवढं खरं. एकाला कान लावून नाकारलं, तो आतून शीळ घालत होता. आणि सगळ्यांच्या मागच्या बाजूला वाकून तो किती वीज खातो ते वाचायचं, कारण इन्व्हर्टरवर दोन गाणी जास्त निघाली पाहिजेत. परतताना कशेळीला कंटेनरच्या रांगेत माझी स्कूटर तासभर उभी असायची, मागच्या सीटवर साडू रिकाम्या हाताने, पण चेहऱ्यावर निराशेचा मागमूस नाही. मी मात्र मनातल्या मनात त्यांच्या आत्याची क्षमा मागून तिला शिव्या देत होतो.

शेवटी भिवंडीतच, आमच्या नजरेतून सुटलेल्या बाजारातल्या एका बोळात, एक तरुण दुकानदार भेटला. त्याने उत्साहाने धावत्या गाड्यांचा खेळ लावला, लालभडक, निळाभोर. "चाचा, कलर देखो इसका."

साडू सतरंजीवरून म्हणाले, "गाडी नको दाखवू, भाई. मना काळोख दाखव."

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी पेनड्राइव्ह पुढे केला. आत्याच्या आवाजाचं चित्र उघडलं. पडदा मध्यम होता, अंगाला अजिबात चकाकी नाही, अक्षरं मोठी केली तरी फुटली नाहीत. साडू हाताच्या अंतरावर बसले, एक चष्मा काढला, मग दुसरा चढवला, मग दुकानातला दिवा घालवायला लावला. मग पडद्याच्या जवळ बोट नेऊन एक फिकट, जेमतेम दिसणारी रेष दाखवली आणि म्हणाले, "जल्ला, ही हाय. ही आतापर्यंत दिसतच न्हवती." दुकानदाराने चहा मागवला. तो शेवटपर्यंत त्यांना उस्ताद म्हणत होता.

मग महिना दीड महिना साडू कोणाला दिसले नाहीत. जेवण माळ्यावर जायचं आणि ताट अर्धं परत यायचं. मी गेलो की ते पुसत बसलेले असायचे. लूमची एकेक खुंटी काढायची, मग डीजेचा पट्टा, मग आइस्क्रीमवाला. गंमत म्हणजे आवाज बंद करून काम चालू होतं. बाहेरच्या खटखटीत नाहीतरी काही ऐकू येत नाही, म्हणायचे, आणि आता दिसतंय तर ऐकायचं कशाला? आत्या सोडून जे दिसेल ते जायलाच पाहिजे. कपाळ दुखणं थांबलं होतं, डोक्यावरची ओढणी गेली होती, आणि मी इतका निश्चयी आणि इतका सुखी माणूस पूर्वी पाहिला नव्हता. हळदीच्या आदल्या दिवशी त्यांनी फोन केला आणि एवढंच म्हणाले की आत्या मोकळी झाली.

हळदीला मांडव गच्च भरला होता. साडूंनी डीजेवाल्याला हात करून थांबवलं आणि आपल्या हाताने बटण दाबलं. आत्या गायला लागली. काय सांगू, अंगावर काटा आला. ना खटखट, ना फटाके, म्हातारी जणू शेजारच्या पाटावर बसून म्हणत होती. वैशूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. पहिली ओळ संपली आणि मग काहीच नाही. नुसती पोकळी. जिथे मागच्या बायकांनी ओळ उचलायची, तिथे साडूंनी सगळं स्वच्छ पुसून टाकलं होतं. आत्या दुसरी ओळ म्हणाली, पुन्हा तीच पोकळी. एवढ्या मांडवात म्हातारी एकटीच गात होती. बायकांचे हळदीचे हात तसेच थांबले. साडूंचा चेहरा बघवत नव्हता. तिसऱ्या ओळीनंतर ताईने नुसती मान वर केली आणि ओळ उचलली. तिच्या मागून तिची जाऊ, मग शेजारणी, मग सगळ्या. त्यानंतर धवला जो रंगला तो रंगलाच. हळद लागली, वैशू हसली, लोक साडूंची पाठ थोपटून जात होते की काय युक्ती केलीत, बायकांसाठी जागा सोडलीत.

सगळं आटोपल्यावर ताई हात धुऊन आली आणि साडूंजवळ खाली बसली. रागाने नाही, अगदी साधं विचारलं, "त्यात आई व्हती ना वो? आत्याच्या पाठीला लागून बसलेली." साडूंची आई, आत्याची भावजय. आत्याच्या आधी वर्षभर ती गेली. जन्मभर ती आत्याच्या मागे बसून ओळ उचलत आली होती, आणि तिचा आवाज वेगळा असा कोणी कधी टिपला नव्हता. साडू म्हणाले, "मना तं गलका वाटला." बस, एवढंच.

वैशू सासरी गेली. परवा मी शेलारला गेलो तर ताई म्हणाली, वर आहेत. मूळ रेकॉर्डिंग साडूंनी जपून ठेवलं होतं, तेच उघडून बसले होते, आणि या वेळी आवाज चालू होता. आत्याच्या उजळ रेषेखाली बायकांच्या रेषांचा फिकट गुंता, एकीत एक अडकलेल्या. मी शेजारी सतरंजीवर बसलो.

"साडू, ह्या पडद्यावर मना मुंगीचा पाय दिसतंय," ते म्हणाले. "पन ह्यातली माझी आई कंची, तं न्हाय दिसत."

मग त्यांनी दोन्ही चष्मे काढून बाजूला ठेवले आणि डोळे मिटले. बाहेर कारखाने चालू होते. आत्याची ओळ संपली, बायकांनी उचलली, आणि साडूंनी एक बोट वर केलं. "ही," म्हणाले. थोडा वेळ बोट तसंच राहिलं. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि धवला पुन्हा पहिल्यापासून लावला.