एसी बंद करून बसलेला माणूस

मंदी नुकतीच आली होती. मी दुबईत अल नहदाला राहायचो आणि एसीच्या मेंटेनन्सचं काम करायचो. रास अल खैमाच्या एका नेमबाजी क्लबात सर्व्हिसला गेलो, तर एका खोलीत एक माणूस एसी बंद करून घामाघूम बसलेला. समोर काडतुसात भरायची दारू मोजून देणारं इलेक्ट्रॉनिक मशीन.

"दरवाजा बंद करो. मोबाईल बाहर," तो म्हणाला.

मशीनने दारू ओतली की तो श्वास रोखायचा, आकडा स्थिर झाला की सोडायचा. एकदा आकडा हलला, तेव्हा मात्र मराठीत निघालं, "अरे, थांब की बाबा!"

"कोल्हापूरचे का?" मी विचारलं.

आकडा थांबेपर्यंत त्याने त्यावरची नजर हलवली नाही. मग म्हणाला, "गडहिंग्लज. तुमच्या एसीच्या झोतानं हे दर वेळी एकच वजन देत नाही."

मंदीत त्याची इथली नोकरी गेली होती, व्हिसा कॅन्सल झाला होता. संध्याकाळचं विमान होतं, बॅग दाराशीच होती.

"मग आता कशाला एवढा आटापिटा?"

"गेलेल्या माणसाच्या नावावर सगळं खपवतात हो. उद्या हे बिघडलं, तर रोज माझं नाव निघेल इथं."

पाण्याची मोठी बाटली कापून केलेलं झाकण त्याने मशीनवर बसवलं आणि मला एसी लावायला सांगितलं. श्वास रोखला. आकडा हलला नाही.

"खलास," म्हणाला आणि बॅग उचलून गेला.

त्या क्लबात मी अजून सर्व्हिसला जातो. मशीन बिघडलेलं नाही. त्याचं नाव मला अजून कळलेलं नाही.