रिकामी पिशवी

"सिस्टर, ही बॅग रिकामी कशी?"

राउंडला आलेले डॉक्टर दोन नंबरच्या खाटेखालची लघवीची पिशवी दाखवत होते. मी धावत आले.

उल्हासनगरच्या आमच्या हॉस्पिटलात बर्न्स वॉर्ड म्हणजे सर्जिकल वॉर्डाच्या टोकाला पडदा लावून केलेल्या सहा खाटा. तिथे तीन सिस्टर हव्यात. त्या सकाळी मी एकटी. एक रजेवर, दुसरीला कॅज्युअल्टीत ओढलेलं. दोन नंबरला चामटोलीचा वायरमन होता. अंबरनाथच्या एका कारखान्यात कंत्राटदाराच्या कामाला पोलवर चढला आणि शॉक लागला. शॉकमध्ये वरची कातडी कमी जळते, आतले स्नायू जास्त. त्यांचा कचरा रक्तातून येऊन लघवी काळी करतो आणि किडनीत अडकतो. तो धुऊन निघावा म्हणून सलाइन जोरात चालवायचं आणि दर तासाला लघवी किती, कुठल्या रंगाची, ते लिहायचं. मला पाच नंबरचं मोठं ड्रेसिंग होतं. म्हणून त्याच्या आईला म्हटलं, "मावशी, पिशवीवर लक्ष ठेवा. भरत आली की हाक मारा." दोन तास मी तिकडे फिरकलेच नाही.

"आउटपुट निल?" डॉक्टर चिडले. "किडनी बंद असेल तर सलाइन कमी करायचं, नाहीतर फुफ्फुसात पाणी भरेल. चालू असेल तर उलट वाढवायचं. मी काय समजू?"

"सर, दोन मिनिटं द्या."

नळी उजेडात धरली. आत दोन-चार थेंब होते, कोऱ्या चहासारखे. म्हणजे लघवी झाली होती आणि कुणीतरी ओतली होती.

"मावशी, तुम्ही ओतलीत?"

"नाय बाई. मी हात पन नाय लावला."

माझा आवाज चढलाच. "खरं बोला हो! पोराच्या जिवाचा प्रश्न आहे!"

म्हातारी रडायलाच लागली. "काली झालेली, बाई. कंत्राटदाराचा मानूस सकालीच इचारून गेला, पिऊन चढलेला का म्हनून. डाक्टरनी ती बघितली तर बोलतील, पोरगा दारू पितो. नाय पीत व तो!"

मला तिचा राग आला होता, तो तिथेच विरला. "किती होती?"

तिने पिशवीवर बोट ठेवलं. दोनशेच्या जरा खाली.

"चालू आहे किडनी," डॉक्टर म्हणाले. "वाढवा सलाइन."

वाढवलं. पण बाईचं बोट चुकलं असेल तर? पुढच्या तासाला लघवी काळीच. त्याच्या पुढच्या तासालाही काळी. मी ड्रेसिंग अर्धं सोडून पळत येऊन बघायचे, त्याची छाती ऐकायचे. दुपारी तीनला रंग जरा उतरला, तेव्हा कुठे पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली. दोन बोटं गेली त्याची, पण किडनी वाचली.

आठवड्याने ऑफिसातून सर्क्युलर आलं. रुग्णसेवेची कामे नातेवाइकांना देऊ नयेत. जादा सिस्टरबद्दल अक्षर नव्हतं. मी सही केली. त्या दिवशीही एकटीच होते, म्हणून चार नंबरच्या पेशंटच्या बायकोला हाक मारली.

"ताई, इकडे या. ही पिशवी ओतायची नाही, कशीही दिसली तरी. आणि का नाही, ते आधी ऐका."