पोकळ चौकोन

जुन्या नकाशांच्या खोलीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला सगळं कार्यालय नकाशेबाईच म्हणायचं. पठारावरची कुठलीही वस्ती विचारा, बाई डोळे मिटून कप्पा सांगणार. साहेब आले नि गेले, खोली चालवली हिनं. भरीव काळा चौकोन म्हणजे नांदतं घर, पोकळ म्हणजे ओसाड, हे तिनं लोकांना हजारदा समजावलं असेल.

यंदा वरून हुकूम आला. जुन्या मोजणीत ज्याचं घर काळं, त्याची जागा त्याच्या नावावर. पोकळ असेल तर ती शेजारच्या घराला. बाईचं बापानं दिलेलं घर पठारावरच होतं. नोकरी लागेपर्यंत ती तिथंच राहिली, आणि निवृत्तीनंतर तिथंच जायचं ठरलेलं. शेजारी धाकटा भाऊ. "ताई, मोजणीवाल्यांना मी नीट सांगितलंय, तू निर्धास्त राहा," असं तो मोजणी झाली तेव्हाच म्हणाला होता. ही राहिली निर्धास्त! दुसऱ्यांची घरं शोधण्यात जन्म गेला, स्वतःचं म्हणून कधी पाहिलं नाही. आता काय म्हणावं?

हुकूम वाचून तिनं पठाराचा नकाशा उलगडला. भावाचं घर काळं. तिचं पोकळ.

चूक झाली असेल, असं मनाला समजावत तिनं मोजणीची वही काढली. 'घर ओसाड, कोणी राहत नाही.' खाली माहिती देणाऱ्याची सही. ते अक्षर तिनंच हात धरून गिरवून घेतलेलं. तारीख तिनं दोनदा वाचली. त्या आठवड्यात घराला कुलूप होतं खरं, कारण ती शहरातल्या दवाखान्यात भावजयीच्या उशाशी बसून याच भावाच्या बाळाचे लंगोट धूत होती. केसानं गळा कापला होता मेल्यानं, आणि तोही बत्तीस वर्षांपूर्वीच.

दोन दिवसांनी भाऊ खिडकीशी आला. त्याला त्याच नकाशाची नक्कल हवी होती.

"ताई, घर बंदच होतं ना तेव्हा?" तो नजर चुकवत म्हणाला. "मी खोटं थोडंच सांगितलं?"

नकाशा खोटा नव्हता, म्हणजे नक्कल अडवता येत नव्हती. तिनं अर्ज पुढे ओढला. एक रकाना रिकामा होता.

"शेजारच्या घरमालकिणीशी नातं?" तिनं विचारलं.

भाऊ खिशातून नकलेचे पैसे काढू लागला. बाईनं स्वतःच 'काही नाही' असं लिहून शिक्का मारला.