डोंगरी मास्तरचं वल्हं

त्या संध्याकाळी लाली वाजली नाही.

लाली म्हणजे आमचा लाकडी ढोल. अख्खा ओंडका कोरून केलेला. एक चर्चपाशी आहे, एक शाळेच्या अंगणात. सूर्य डोंगराआड गेला की सेवानाइया मास्तर शाळेची लाली बडवतो आणि पोरं जिथे असतील तिथून पुस्तकं घेऊन अभ्यासाला पळतात. तो आमच्या बेटावर बदलून आला तेव्हापासून ही वेळ चुकली नव्हती. एकदा तापाने फणफणलेला असतानाही अंगावर चादर घेऊन त्याने लाली वाजवली होती.

मी दारात बसून माझ्या होडीची खुंटी तासत होतो. उजेड कमी झाला म्हणून हात थांबवला, आणि मग लक्षात आलं की आवाज आलेला नाही. उठलो आणि किनाऱ्यावर गेलो. ज्या माडाला तो आपला तराफा बांधतो, त्या माडाला नुसती दोरी होती. पाणी खाली गेलं होतं. ओहोटी जोरात लागली होती.

हा तराफा म्हणजे गावाचा चेष्टेचा विषय. मास्तर मोठ्या बेटावरच्या आतल्या डोंगरातला. त्याच्या गावाला नदी आहे, समुद्र नाही. तिकडे बांबूचे तराफे करून लांब बांबूने नदीच्या तळाला रेटत जातात. इथे आला आणि पहिल्याच महिन्यात त्याने शाळेमागच्या ओढ्यावरचे बांबू तोडले. मी तेव्हाच सुवा बंदराच्या धक्क्यावरची हमाली सोडून गावी परतलो होतो. सबंध आयुष्य पोती उचलली, त्यामुळे दुसऱ्याचं काम बघायची खोड आहे. मास्तरचं काम बघत बसलो. बांबू पेराच्या बरोबर वर तोडायचा, उभा करून सुकवायचा, घाई नाही. वेलीने आवळताना पाय लावून ओढायचा. मला माणूस आवडला. फक्त वेल चुकीची. नदीत चालते, खाऱ्या पाण्यात सैल पडते. मी सांगितलं तर म्हणाला, "आमचे आजोबा असंच बांधायचे." म्हटलं, बांध बाबा.

शाळा सुटली, वह्या तपासून झाल्या, की तो तराफ्यावर. बेटाभोवती प्रवाळाचा बांध आहे, त्याच्या आतलं पाणी उथळ आणि शांत. तिथे बांबूने रेटत फिरायचा, गळ टाकायचा, मिळेल तो मासा आणायचा. कधी काहीच नाही मिळालं तरी खुशीत परत. एवढाच त्याचा शौक. यंगोना, म्हणजे मुळी कुटून केलेलं आमचं गुंगीचं पेय, प्यायला वाटीभोवती बसला तरी दोन वाट्यांत उठायचा. म्हणायचा, "सकाळी फळ्यावर हात हलतो."

आमचं गाव आणि त्याचं गाव एकमेकांचे ताउवू. दोघांचे मूळपुरुष भाऊ होते असं मानतात. ताउवूने ताउवूला काहीही बोलावं, त्याच्या घरातलं काहीही उचलावं. ज्याचं गेलं त्याने रागवायचं नाही आणि परत मागायचं नाही. मागितलं की तो हरला. मग वर्षभर गाव त्याला चिडवतं.

या खेळात आमच्याकडून सगळ्यांत पुढे माझी वहिनी अकेनेता. भाऊ गेल्यावरही तिचा आवाज खाली आला नाही. मास्तरचा तवा नेला, छत्री नेली, एकदा वाळत घातलेला सदरा नेऊन बुजगावण्याला घातला. मास्तरनेही तिच्या चुलीवरचा कसावा भांड्यासकट पळवला होता. आणि गेल्या रविवारी तिने त्याचं वल्हं नेलं. जमिनीत खड्डा करून जेवण भाजायचं होतं, तापलेले दगड सारायला काही हवं होतं.

तराफ्याला वल्हं कशाला, असं कोणी म्हणेल. उथळ पाण्यात बांबू पुरतो. पण वाळूचा पट्टा संपून बांधाच्या खिंडीकडे गेलं की मध्ये निळं पाणी आहे. तिथे बांबू तळाला लागत नाही. आणि ओहोटीला आतलं सगळं पाणी त्या खिंडीतून बाहेर समुद्रात ओढलं जातं. बाहेर काही नाही. पुढचं बेट दिसतसुद्धा नाही.

मी वहिनीच्या दाराशी गेलो. ती कसावा सोलत होती.

"वहिनी, मास्तरचं वल्हं कुठंय?"

"का? रडत आला का तुमच्याकडे?"

"कुठंय ते सांग."

माझं तोंड बघून तिने सुरी खाली ठेवली. "मागे भिंतीला. कडेने थोडं जळलंय."

"तो तराफा घेऊन गेलाय. परत आला नाही."

ती तशीच उठून वल्हं आणायला गेली.

गावात तेव्हा माणूस नव्हतं. शेजारच्या बेटावर मयत होती. इंजिनच्या दोन्ही होड्या घेऊन सगळे धडधाकट लोक तिकडे गेले होते. उरलेले म्हातारे, बायका आणि पोरं. होडी एकच, माझी. मागच्या बाजूने पाणी धरणारी. मी तिच्यात करवंटी टाकली, नांगराचा दोर सोडून नीट गुंडाळून ठेवला. दोर गुंतलेला असला तर तो नसल्यासारखाच. मी होडी ढकलली तशी वहिनी न विचारता मागे जाऊन बसली.

"तू कुठे?"

"पाणी कोण उपसणार, तुमचे पूर्वज?"

वल्ही माझ्या हातात, मास्तरचं वल्हं तिच्या हातात. दिशा ती धरत होती, मधून करवंटीने पाणी काढत होती. वाळूच्या पट्ट्यावरून जाताना दम लागला नाही. निळ्या पाण्यात गेलो तशी होडी आपोआप पळायला लागली. हीच वाईट गोष्ट. ओहोटीत जाणं फुकट असतं, येणं नसतं.

"दिसला!" वहिनी ओरडली. "खांबाला!"

खिंडीच्या तोंडाशी जहाजांना खूण म्हणून एक लोखंडी खांब रोवलेला आहे. मी मान वळवून बघितलं. तराफ्यावर मास्तर पालथा पडला होता. एका हाताने खांब कवटाळलेला. तराफा खांबाला कशाने तरी बांधलेला होता आणि पाणी त्याला बाहेर ओढत होतं. जवळ गेल्यावर कळलं, कमरेला गुंडाळलेलं सुलू, आमची लुंगी, सोडून त्याने त्याचा दोर केला होता. खांबावर कालवं चिकटलेली, सुरीसारखी. सुलू त्यांच्यावर घासून चिरत होतं. तराफ्याच्या वेली सैल झाल्या होत्या. एक बांबू सुटून खिंडीतून बाहेर गेला. मग दुसरा.

मी वहिनीला सांगितलं, "सरळ गेलो तर त्याच्या बाजूने वाहून जाऊ. वरून तिरपं यायचं. एकदाच जमेल. नाही जमलं तर आपण तिघेही बाहेर."

"वल्ही मारा. बोलू नका."

मी होडी धारेच्या वर ओढली. खांदे भरून आले. पोत्याला खांद्यावर घेतलं की ते तिथेच राहतं, पाणी मात्र दर वल्ह्याला नव्याने उचलावं लागतं. पुरेसं वर आलो असं वाटलं तेव्हा मी वल्ही उलटी धरली आणि होडी खाली सोडली.

"टाक!"

वहिनीने दोर फेकला. मास्तरच्या हातापासून तो वीतभर अलीकडे पडला आणि पाण्याने नेला. ओढून पुन्हा फेकायला वेळ नव्हता. खांब बाजूने निघून चालला होता. मी वल्ही उलटी मारली, काही फरक पडला नाही.

तेव्हा वहिनी उठून उभी राहिली. होडीत कधी उभं राहू नये. तिने मास्तरचं वल्हं दोन्ही हातांनी दांड्याशी धरून जमेल तेवढं लांब केलं. मास्तरने खांबावरचा हात न सोडता दुसऱ्या हाताने पातं पकडलं. जळलेल्या कडेला पकडलं. कोळशाने हात सरकला. पुन्हा पकडलं, बोटं आत रुतवली. होडीला हिसका बसला, वहिनी गुडघ्यावर आपटली, पण दांडा सुटला नाही. होडी शेपटासारखी फिरली आणि त्याच्या मागे लागून राहिली.

सगळं आता मास्तरच्या दोन हातांवर होतं. एका हातात खांब, एका हातात आम्ही. खांब धरलेल्या हातातून रक्त गळत होतं. त्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. ओरडला नाही. दात दिसत होते.

मी दोर ओढून घेतला, पुढे सरकलो, वल्ह्याच्या आधाराने होडी ओढत ओढत खांबाजवळ आणली. दोर खांबाभोवती टाकला, होडीच्या टोकाला आवळला, वरून आणखी एक गाठ मारली. मग म्हणालो, "सोड."

मास्तरला हात सोडता येईना. वहिनीने त्याची बोटं एकेक करून खांबावरून काढली आणि त्याला काखेत धरून होडीत ओढलं. सुलू त्याच क्षणी नाही, थोड्या वेळाने फाटलं. तराफा खिंडीत गेला आणि तिथे उकलला. बांबू वेगवेगळे होऊन बाहेर जाताना आम्ही तिघं बघत होतो.

परत जाता येणार नव्हतं. त्या धारेत माझ्यासारखे चार जण असते तरी नाही. ओहोटी संपेपर्यंत खांबाला लटकून राहायचं. दोर एकच होता आणि कालवं तशीच होती. मी होडीत पडलेली पोत्याची चिंधी दोराखाली घातली आणि तिच्यावर हात ठेवून बसलो, घासत असली तर हाताला कळावं म्हणून. वहिनी पाणी उपसत होती. तिने डोक्याचं फडकं काढून मास्तरच्या हाताला बांधलं. तो आतल्या चड्डीवर कुडकुडत बसला होता.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "वल्हं पाहिजे होतं का रे, डोंगऱ्या?"

"तुझं काम झालं असेल तर दे."

"चड्डीला भोक आहे तुझ्या."

"तिकडे बघू नकोस. म्हातारं माणूस आहेस."

मला हसू आलं नाही. दोर हाताखाली हलत होता. पाणी होडीच्या दोन्ही बाजूंनी तसंच पळत होतं. उजेड गेला. किनाऱ्यावर बायकांनी माडाच्या झावळ्या पेटवल्या होत्या, त्यामुळे गाव कुठे आहे एवढं दिसत होतं.

मग वहिनीने विचारलं, आवाज वेगळा होता. "मागायला काय झालं होतं? दोन घरं सोडून राहते मी."

"मागितलं असतं तर ख्रिसमसपर्यंत गावभर सांगत फिरली असतीस."

"फिरले असते."

"मग?"

ती करवंटी हातात धरून बसली. "तरी मागायचं," म्हणाली. "असल्या वस्तूला मागायचं."

मास्तर म्हणाला, "वाटलं बांबूवर भागेल. येताना भागलं. तिकडे मासा चांगला लागत होता, पाणी फिरलं ते कळलं नाही. नदी एकाच बाजूला जाते, ताउवू. तुमचं पाणी बेइमान आहे."

"पाण्याला नाव ठेवू नकोस," मी म्हणालो. "ते रोज फिरतं."

पाणी हळूहळू ढिलं पडलं. पहिल्यांदा दोराचा ताण गेला, मग खांबाभोवतीचा आवाज. होडी सरळ झाली. मी गाठी सोडल्या. एक वल्हं मी घेतलं, एक वहिनीने. मास्तरने जळकं वल्हं मागे धरलं, जखमी हाताने. नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

किनाऱ्यावर सगळं गाव होतं. कोणी हसलं नाही, चड्डी बघूनसुद्धा नाही. कोणीतरी चटई पुढे केली, ती त्याने कमरेला गुंडाळली आणि तसाच शाळेकडे निघाला. आम्हाला वाटलं झोपायला जातोय. थोड्या वेळाने लाली वाजली. एका हाताने वाजवलेली, म्हणून तुटक.

"मास्तर, आज पण?" कुठलीतरी पोरगी रडवेल्या आवाजात म्हणाली.

"आज पण. उशीर माझा झाला, तुमचा नाही."

पोरं गेली.

हाताची जखम भरल्यावर त्याने पुन्हा बांबू तोडले. या वेळी वेल आणली नाही. माझ्याकडे येऊन उभा राहिला. मी काथ्या वळायला बसलो, कारण बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. नारळाच्या सोडणाचा काथ्या मांडीवर वळायचा, तीन पदरी करायचा. खाऱ्या पाण्यात तो आणखी आवळतो.

त्या वेळी वहिनी आली. जळकं वल्हं माझ्यापुढे टाकून म्हणाली, "भावोजी, हे गेलं कामातून. नवीन करा. दोन करा."

"दोन कशाला?"

"एक त्याला वापरायला. एक मला पळवायला."

मी दोन केली. दोन्ही एकाच लाकडाची, सारख्याच मेहनतीची. पळवायचं आहे म्हणून हलकं काम केलं नाही. एक मास्तरने तराफ्यालाच काथ्याने बांधून टाकलं आहे. दुसरं त्याच्या दाराशी उभं असतं.

वहिनी अजून त्याचा तवा नेते. परवा उशी नेली. वल्ह्यापाशी आली की शिव्या देत बाजूने जाते.