विहिरीतली मांजर

फैजपूरच्या तंबूत सिनेमाआधी कार्टूनचं एकच रीळ लागायचं. धुळ्याकडचा मशीनवाला भाऊ सगळ्या प्राण्यांचं स्वतःच बोलायचा. त्याची मांजर अहिराणीत भांडायची, कुत्रा फौजदारासारखा खाकरायचा. शेवटी मांजर विहिरीत पडायची आणि रीळ संपायचं.

त्यापायी माझी लेक कुसुम जेवेचना. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला गाठलं.

"मांजर मेली का हो?"

भाऊ पान चघळायचा थांबला. त्या खेळाला त्यानं रीळ उलटं फिरवलं आणि मांजर सरळ विहिरीबाहेर!

"दख, उनी ना बाहेर?"

"पण कोरडी कशी?"

"उन्हायामा विहीरमा पानी कोठे ऱ्हास, माय?"

कुसुम पोटभर जेवली. पुढे तो रोजच मांजर वर काढायचा आणि मी पडद्याकडे पाठ करून त्याच्याकडेच बघत बसायचे.