पेंबर्टन सरांचं शेपूट

आमच्या कुराबिन गावात माणूस आपला झाला की त्याच्या नावाला शेपूट फुटतं. नाव निम्म्यात तोडायचं आणि उरलेल्या तुकड्याला 'ओ' नाहीतर 'झा' चिकटवायचं. डॉबसनचा डॉबो होतो, लॉरेनची लॉझा. माणसांचंच कशाला, दुपारला इथे 'आर्वो' म्हणतात, पेट्रोलपंपाला 'सर्वो' आणि आग विझवणाऱ्यांना 'फायरी'. पूर्ण नावाने हाक मारली जाते ती दोघांनाच : कोर्टात उभ्या असलेल्याला आणि क्लेमंट पेंबर्टन यांना.

पेंबर्टन इंग्लंडहून आले आणि इथल्या शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता म्हातारे झाले. प्रत्यय हा त्यांचा लाडका धडा. 'केअर'ला 'फुल' जोडा, माणूस जपून वागतो. 'लेस' जोडा, तोच माणूस भांडी फोडतो. "शब्दाचं शेपूट बदललं की माणूस बदलतो," असं ते खडू नाचवत सांगायचे. मात्र निबंधात 'आर्वो' दिसली की गुण कापायचे. हे शेपूट नव्हे, ही सूज आहे, असं त्यांचं मत. निम्मं गाव त्या वर्गातून कान धरून बाहेर पडलेलं. त्यांना शेपूट लावायची छाती कुणाची?

निवृत्त झाल्यावर मात्र हे मनाला लागायला लागलं. त्यांची बायको मॉरीन तर इथे आल्यावर सामानाची खोकी उघडायच्या आत मॉझा झाली होती. वेलिंग्टन नावाचा त्यांचा कुत्रासुद्धा वेलो झाला होता. क्लबच्या हिरवळीवर संध्याकाळी चेंडू घरंगळवायला सगळे जमत, एकमेकांच्या आया-आज्या काढत. पेंबर्टनांचा नेम चुकला की मात्र जो तो घसा साफ करून म्हणे, "छान प्रयत्न, मिस्टर पेंबर्टन." जसे काही शाळा तपासणीसच आलेत. घरी येऊन बिचारे चहासुद्धा धड प्यायचे नाहीत.

"कुत्र्याचंही झालं, मॉरीन. माझंच काय वाईट?"

"कुत्र्याने कुणाचे गुण कापले नव्हते," मॉझा म्हणाली.

शेवटी गृहस्थांनी स्वतःच उपाय केला. एक पांढरा एप्रन आणला आणि छातीवर लाल दोऱ्याने भरून घेतलं : 'क्लेमो'. मॉझाने कपाळावर हात मारला. इथे नाव लोकांनी पाडायचं असतं, आपलं आपण पाडून घेणं म्हणजे स्वतःच्याच लग्नात स्वतःला आहेर करण्यासारखं, हे तिने परोपरीने सांगितलं. ऐकतो कोण?

शनिवारी निधी जमवायला फायरींची सॉसेज-विक्री होती. पेंबर्टन तव्यावर कांदा परतायला उभे राहिले, छाती पुढे काढून. जो येई तो छातीवरचं वाची आणि एकदम आकाशाकडे बघू लागे. लॉझाचे तर वाचताना ओठसुद्धा हलले. "कांदा जरा जास्त घाला, मिस्टर पेंबर्टन," ती म्हणाली आणि पाव घेऊन गेली.

त्यांना वाटलं, अक्षरं नीट दिसत नसतील. ते आणखी पुढे वाकले आणि एप्रनचा काठ खालच्या जाळात गेला.

फायरींचा म्होरक्या डॉबो समोरच होता. त्याने धूर पाहिला आणि शाळेच्या सवयीने आधी ताठ उभा राहिला. "मिस्टर पेंबर्टन, माफ करा, तुमच्या एप्रनला..." एवढं होईस्तोवर जाळ 'क्लेमो'च्या पायाशी पोचला होता.

"पेंबो, मागे हो! हात वर कर!" डॉबो ओरडला.

वर्षानुवर्षं नुसत्या कचरापेट्या विझवून कंटाळलेल्या फायरींना खरी आग मिळाली, तीही आपल्या मास्तरांची. सगळ्यांनी एकदमच पाणी सोडलं. पेंबर्टन बर्फाच्या पेटीवर जाऊन बसले. केसांत कांदा, छातीवर काळं भोक. अंगाला कुठे चटका नव्हता.

डॉबोने टोपी काढली. "घाईत तोंडातून गेलं, मिस्टर पेंबर्टन. मनात काही नव्हतं."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उतरला, जणू हातातलं आइस्क्रीमच जमिनीवर पडलं. कानामागून पाणी टिपत पेंबर्टनांनी डॉबोकडे पाहिलं. या मुलाला त्यांनी जन्मात 'डॉबसन'शिवाय हाक मारली नव्हती.

"डॉबो," ते सावकाश म्हणाले, "आर्वोला मोकळा आहेस का रे? मला नवा एप्रन घ्यायचाय. कोरा."

डॉबोने टोपी परत डोक्यावर चढवली.

"एक गुण गेला तुझा, पेंबो."

त्या संध्याकाळी हिरवळीवर पेंबोचा चेंडू नेम चुकून थेट कडेच्या खड्ड्यात गेला आणि चार जणांनी त्याची आजी काढली. घरी येऊन त्याने दोन कप चहा प्यायला आणि मॉझाला सगळ्या शिव्या एकेक करून, नीट उच्चारांसह ऐकवल्या.